चार सेकंदांत नऊ हजार रक्तगट

माझी चूक मी सांगणारच आहे, कुणाच्या डोक्यावर ढकलणार नाही. पण आधी माझा तोरा ऐका, म्हणजे चूक केवढी ते कळेल.

मी राजेश्री. मानवतला मोंढ्याच्या रस्त्यावर बसवेश्वरअप्पांचं भांड्यांचं दुकान आहे, त्याच्या माडीवर आमचं रक्तदाता मंडळ. रक्तपेढी नाही हं, नुसती यादी. परभणी जिल्ह्यातल्या अकरा हजार चारशे माणसांची नावं, गाव, वय, मोबाईल नंबर आणि रक्तगट. कुणाचं माणूस दवाखान्यात अडकलं की आम्हाला फोन येतो. आम्ही त्या गटाची जवळची माणसं काढतो, फोन लावतो, आणि ती परभणीला जाऊन रक्त देतात. अप्पांनी हे वीस वर्षं चालवलंय. कॉम्प्युटर माझ्याकडं आहे.

माझ्या आधी कॉम्प्युटर भुजंगमामांकडं होता. नात्यानं मामा नाहीत, वयानं मामा. आता ते फोन सांभाळतात आणि माझ्या खुर्चीमागं उभं राहून चष्म्यातनं स्क्रीन बघत बसतात. मला लय राग यायचा त्याचा.

श्रावणात मंडळानं गावोगाव रक्तगट तपासणीची शिबिरं घेतली. जुन्या यादीत निम्म्या लोकांचे गट सांगोवांगी लिहिलेले होते, काहींपुढं नुसतं "माहीत नाही". शिबिरात चार हजार दोनशे माणसांच्या बोटाला सुई टोचली आणि त्यांचे खरे गट कॉम्प्युटरात एका वेगळ्या टेबलात, म्हणजे तक्त्यात, भरले गेले. आता ते तिथनं उचलून मुख्य यादीत घालायचे होते, एवढंच.

असल्या कामाला मामांची एक पद्धत होती. शिबिराच्या टेबलातली एक ओळ घ्यायची, मुख्य यादीत ते माणूस शोधायचं, नाव बघायचं, गाव बघायचं, गट बदलायचा, मग दुसरी ओळ. एका शिबिराला अख्खा दिवस. मी म्हटलं, "मामा, बैलगाडीनं परभणीला जायचे दिवस गेले आता."

"जा मंग इमानातनं," मामा म्हणाले. "आमाला बी बघू दे."

मी एकच क्वेरी लिहिली, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायचा हुकूम. मुख्य यादी घे, शिबिराचं टेबल तिला मोबाईल नंबरावर जोड, आणि जिथं नंबर जुळेल तिथं शिबिरातला गट यादीत घाल. नंबरावर इंडेक्स लावलेला होता, त्यामुळं शोधाशोधीचा प्रश्नच नव्हता. बटण दाबलं. चार सेकंद लागले! स्क्रीनवर आलं, नऊ हजार सहाशे चाळीस ओळी बदलल्या.

मामांनी चष्मा सारखा करून आकडा वाचला. मग म्हणाले, "शिबिरात तर चार हजार दोनशेच होते न्हवं का गं?"

"मामा, चहा सांगा दोन," मी म्हटलं. "उगं खोट काढू नका." आणि त्याच तोऱ्यात मी ताजा बॅकअप घेतला, जुन्याच नावानं, म्हणजे जुना पुसून त्याच्या जागी नवा. हे झालं गुरुवारी.

रविवारी सकाळी सव्वादहाला फोन आला. मामा जागेवर नव्हते, मीच उचलला. चारठाण्याचा हरिओम नावाचा माणूस, परभणीच्या एका दवाखान्यातनं बोलत होता.

"ताई, माझी बायको हाय, बबिता. पहाटं बाळंत झाली. पोरगी झाली, पोरगी ठीक हाय. पर हिचं रक्त थांबंनाच झालंय. ओ निगेटिव्ह लागतंय म्हनायलेत. रक्तपेढीत एकच पिशवी होती, ती चढवली. अजून तीन तरी पाहिजेत."

मी विचारलं, पॉझिटिव्ह चालणार नाही का, डॉक्टर अडचणीला कधीकधी देतात. तो म्हणाला, "न्हाई ओ. मागच्या खेपेला पोट पडलं तव्हा तिच्या अंगात काय तरी तयार झालंय. पॉझिटिव्ह दिलं तर उलटंल म्हनले. एक वाजेस्तोवर बघतो म्हनले डॉक्टर, लय तर दोन. न्हाई तर गर्भाची पिशवी काढावी लागंल, आन् तेवढ्यानं बी भागंल का, ते सांगता येत न्हाई म्हनले." मग त्याच्या हातातनं फोन कुणीतरी घेतला. त्याची आई, कडूबाई. "माय, माझ्या सुनंला वाचवा वं," एवढंच ती तीनदा म्हणाली.

मी म्हटलं, "मावशी, घाबरू नका. तासाभरात माणसं पोचतील." बघा, असं बोलले मी.

यादीत ओ निगेटिव्ह टाकलं तर दोनशे बारा नावं आली. एरवी साठ-सत्तर यायची. मला वाटलं, वा, शिबिरानं केवढी भर घातली! परभणीला लागून असलेल्या झरीतली सहा नावं एकाखाली एक होती. मी नागनाथला फोन लावला, तिशीतला गडी.

तो म्हणाला, "ताई, मी तर बी पॉझिटिव्ह हाय."

मी त्यालाच दापलं. "ते जुनं ऐकीव असेल. श्रावणातल्या तपासणीत तुमचा ओ निगेटिव्ह आलाय. बाई मरायलीय तिकडं, वाद घालत बसू नका. घरातल्यांना घेऊन निघा." बिचारा निघाला. दोन भाऊ आणि एक चुलतभाऊ घेऊन, हातातलं काम टाकून निघाला. पाचवा जवळच्याच एका वस्तीवरचा मिळाला. पाच माणसं अकराच्या आत वाटेला लागली, आणि मी हरिओमला सांगितलं, आता काळजी सोडा.

तेवढ्यात मामा आले. मी त्यांना सगळं सांगितलं. "पाच कशाला, तीन बास झाले असते," मी वर म्हटलं.

बारा वाजून गेल्यावर रक्तपेढीतल्या माणसाचा फोन आला. "मॅडम, तुमी पाठवलेल्या पाचात एकबी ओ निगेटिव्ह नाही. चार बी पॉझिटिव्ह, एक ओ पॉझिटिव्ह."

मी त्याच्यावर ओरडले. म्हटलं, तुमची तपासणी चुकली असेल, पुन्हा करा. तो म्हणाला, दोनदा केली. मागनं नागनाथनं फोन मागून घेतला, आणि तो तर तापलेलाच होता.

"म्या काय सांगत होतो तुमाला? शिबिराला म्या गेलोच नव्हतो! आमच्यातलं कुनीच न्हाई गेलं. आई गेली होती माझी, सरजाबाई. तिचं आलं ओ निगेटिव्ह."

"मग तुमच्या नंबरावर..."

"नंबर घरात एकच हाय ओ! समद्यांचा तोच देतो आमी."

मी त्याच्या घरचा नंबर यादीत टाकला. सहा नावं होती, सहाच्या सहांपुढं ओ निगेटिव्ह. सरजाबाईंचं वय सदुसष्ट. म्हणजे त्या घरात खरी ओ निगेटिव्ह जी एकटी होती, तिचं रक्त वयामुळं चाललंच नसतं.

आमच्याकडं मोबाईल नंबर माणसाचा नसतो, घराचा असतो. फॉर्मवर नंबर लिहावाच लागतो, म्हणून बायका नवऱ्याचा देतात, धाकटे थोरल्याचा देतात, म्हातारी माणसं ज्याचा फोन चार्ज असेल त्याचा देतात. हे मला माहीत नव्हतं होय? माझी स्वतःची आई आजवर सगळीकडं माझाच नंबर देत आलीय! आणि मी त्या नंबरावर माणसं जुळवली. घरातल्या एकाची तपासणी झाली आणि मी अख्ख्या घराला त्याचा गट लावला. चार हजार दोनशे तपासण्यांतनं नऊ हजार सहाशे माणसं बदलली, हे तिसरीतल्या लेकराच्या लक्षात आलं असतं. मामांच्या आलं होतं.

"मामा," मी म्हटलं, "सगळं वाटोळं झालं."

मला वाटलं, आता मामा मला धुऊन काढतील. ते खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हणाले, "रड नंतर. आदी शिबिराचं टेबल उघड. ते तर शाबूत हाय ना?"

शाबूत होतं. त्यात खरोखर ओ निगेटिव्ह निघालेले एकोणपन्नास. परभणीपासून तासाभराच्या आतले अकरा. मामांनी एक फोन घेतला, मी एक. एकीचं लेकरू अंगावर पीत होतं, दोघींच्या अंगात रक्तच कमी, एक साठीच्या पुढचा आजारी, एकानं महिन्यापूर्वीच दिलेलं. चौघांचे फोन लागेनात. एक म्हणाला, घरचे नको म्हणतात, आणि फोन ठेवला. सेलूचा एकजण तेवढा हो म्हणाला, पण तो बाहेरगावी होता, त्याला यायला अडीच तास. साडेबारा वाजून गेले होते. हरिओमचा फोन दर पाच मिनिटाला येत होता, आणि मी तो मामांच्या हातात देत होते. माझ्यात त्याच्याशी बोलायची हिंमत नव्हती.

मामा म्हणाले, "चुडाव्याचा माऊली काढ. वर्षातनं दोनदा देतो तो. पक्का ओ निगेटिव्ह."

मी काढला. माऊलीपुढं ए पॉझिटिव्ह होतं.

"त्याची बायको गेली असंल शिबिराला," मामा म्हणाले. "तो कशाला जाईल? त्याला त्याचा गट ठाऊक हाय की."

आणि तेव्हा मला पुरतं कळलं, मी काय करून बसले ते. ज्यांना आपला गट पक्का माहीत, जे वर्षानुवर्षं रक्त देत आले, ते शिबिराला फिरकलेच नव्हते. त्यांच्या घरचे गेले. म्हणजे मंडळाची सगळ्यात खात्रीची माणसं होती, नेमकी तीच मी पुसून टाकली होती. बॅकअपसुद्धा मीच पुसला होता. मी टेबलावर डोकं टेकवलं आणि रडले, मोठ्यानं रडले. खाली दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याला ऐकू गेलं असेल.

मामांना असे तिघं तोंडपाठ होते. एक वारलेला, एक पुण्याला गेलेला. माऊली राहिला, पण त्याचा फोन कुणी उचलेना. आणि सेलूचा धरूनही अजून एक तरी पाहिजे. मी डोळे पुसून विचार करायला लागले, यादीत नाही तर हा गट आणखी कुठं लिहिलेला असेल? आणि आठवलं. कुणी रक्त दिलं की रक्तपेढीची पावती येते, तिच्यावर पेढीनं तपासलेला गट असतो. त्या पावत्या आम्ही दानाच्या टेबलात भरतो, आणि त्यात मोबाईल नंबर नसतो. दात्याचा यादीतला क्रमांक असतो. क्रमांक एका माणसाचा एकच.

दोनदा चुकीचं टाइप झालं. या वेळी मी काही बदललं नाही. आधी नुसतं बघितलं. यादी आणि दानाचं टेबल क्रमांकावर जोडलं, प्रत्येकाच्या शेवटच्या पावतीवरचा गट एकीकडं, यादीतला एकीकडं. सहाशे दोन माणसं आली. वेगळं मोजून बघितलं, एका माणसाला एकच ओळ. मामांनी माझ्या खांद्यावरनं दहा-बारा नावं वाचली. "बरोबर हाय," ते म्हणाले. "हा बी बरोबर. हा बी." मग बदललं. सहाशे दोन. सेकंदसुद्धा लागला नाही.

ओ निगेटिव्ह तेहतीस. जवळचे सात.

माऊलीच्या नंबरावर या खेपेला त्याची भावजय बोलली. "भाऊजी रानात गेलेत, फोन घरीच हाय."

"ताई, पळत जा आणि बोलवा," मी म्हटलं. "एक बाळंतीण हाय दवाखान्यात. पाया पडते तुमच्या, पळा!" ती पळाली. फोन तसाच चालू राहिला, कोंबड्यांचा आवाज येत होता. अठरा मिनिटांनी माऊलीचा धापा टाकणारा आवाज आला, "निघालो, मोटारसायकलवरच येतो." दुसरा परभणीतच राहणारा मास्तर मिळाला, पण तो लग्नाला गंगाखेडला गेलेला. जेवणाच्या पंगतीतनं उठून निघाला. तिसरा सेलूचा वाटेवरच होता.

घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती. मला तिथं बसवेना. अप्पा खालनं आले, मामांनी त्यांना सांगितलं. अप्पांनी गाडीची चावी घेतली. वाटेत पेडगावच्या पुढं आल्यावर म्हणाले, "राजेश्री, तिथं काही बोलू नको. लोकांचा यादीवरचा भरवसा उडाला तर नावं द्यायची बंद होतील. वीस वर्षं लागली मला."

मी मान हलवली. त्यांचं खोटं नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा सव्वादोन झाले होते. हरिओम ऑपरेशनच्या दाराशी भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. दोनला आत घेतलं होतं तिला. आणखी थांबता येत नव्हतं. माऊली रक्तपेढीत पडून रक्त देत होता. पहिली पिशवी तपासून वर आली तेव्हा तीन वाजायला पाच मिनिटं होती. मास्तरची साडेतीनला आली, सेलूच्या माणसाची त्याच्यामागं.

साडेचारला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मास्क खाली ओढला. म्हणाल्या, "वाचली. पण गर्भपिशवी काढावी लागली. पुन्हा मूल होणार नाही. रक्त एकच्या आत मिळालं असतं तर मी थांबले असते."

कडूबाई उठली, नऊवारीचा पदर सावरला, पोरीचं गाठोडं हरिओमच्या मांडीवर ठेवलं आणि सरळ माझ्याकडं आली. कुणीतरी तिला सांगितलं होतं, ही मानवतची, हिनंच माणसं पाठवली. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि आपल्या कपाळाला लावले. "तुझ्यामुळं वाचली वं माय. सकाळधरनं फोनवर हायेस तू. तुझं कल्याण होईल."

अप्पांनी माझ्या दंडाला धरलं. "चला, राजेश्री. चहा घेऊ."

मला ते हात सहन होत नव्हते. जन्मात एवढी लाज कधी वाटली नव्हती.

"मावशी," मी म्हटलं, "हात सोडा माझे. माणसं सकाळीच मिळाली असती. यादीत होती. यादी मी बिघडवली. गुरुवारी, माझ्या हातानं. घाई केली, बघितलं नाही, आणि सांगणाऱ्याचं ऐकलं नाही. तुमच्या सुनेची पिशवी माझ्यामुळं गेली."

अप्पांनी दंड सोडला आणि दुसरीकडं बघायला लागले. हरिओम मांडीवरच्या पोरीला धरून तसाच बसून होता, त्याचं तोंड उघडं राहिलं. कडूबाईनं माझे हात सोडले नाहीत. उलट घट्ट धरले, एवढे की बांगडी मनगटात रुतली. मला वाटलं, आता ही मारणार. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"लेकरं देव देतो म्हन्त्यात," ती हळू म्हणाली. "आन् तू..." तिनं हरिओमच्या मांडीवरच्या पोरीकडं एकदा बघितलं.

मग विचारलं, "आता झाली का नीट, ती यादी?"

"सहाशे झाले मावशी. शिबिराचे चार हजार नावागावासकट पुन्हा जुळवायचेत. बाकी पाच हजारांच्या जवळपास अजून चुकीचेच आहेत. त्यांच्यापुढं गट पुसून 'माहीत नाही' लिहायला पाहिजे, आणि मग एकेकाला विचारायला पाहिजे."

"म्हंजी आत्ता, या घटकंला, दुसऱ्या कुनाच्या सुनंचा फोन आला तर?"

मानवतला मामा एकटे फोनपाशी होते आणि त्यांच्यासमोर तीच यादी उघडी होती.

कडूबाईनं माझे हात झिडकारून दिले. "मंग हितं माझ्याफुडं काय रडायलीस? जा की! बस जा त्या यादीसमोर. माझं झालं ते झालं, दुसरीचं व्हायच्या आत जा."

अप्पा माझ्याआधीच जिना उतरायला लागले होते.